टॉवेलने घासायचा तो मेसेज चुकीचाय
व्हॉट्सॅपवर फिरतंय ना, गरोदरपणात सातव्या महिन्यापासून रोज खरखरीत टॉवेलने निपल्स घासा म्हणजे बाळ प्यायला लागल्यावर दुखत नाही, तर प्लीज असलं काही करू नका. निपलभोवती बारीक दाणे दिसतात ना, त्या तेलाच्या ग्रंथी, कातडी मऊ ठेवतात, घासून तेच तेल जातं आणि चिरा पडतात त्या वेगळ्याच. साबणही नको तिथे, साधं पाणी पुरे. दुखतं ते बहुतेकदा बाळाने नुसतं टोक धरल्यामुळे, आ मोठा करून काळ्या भागासकट धरायला हवं, हनुवटी टेकलेली, हे नर्सकडून पहिल्याच दिवशी बघून घ्या. आणि त्याच मेसेजमधलं 'चीक पिळून टाका', चीक म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं दूध, अहो तोच तर पहिल्या तासात पाजायचा असतो, पिवळा दिसतो म्हणून काय खराब झाला?