आयपी टाकून घर सापडत नाही, त्या पिनच्या भरोशावर कुणाच्या दारात जाऊ नका

‘सायबर सुरक्षा, सगळ्यांनी सेव्ह करा’ असा एक मेसेज सध्या कोल्हापूरच्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय की फेक अकाउंटवाला असो, खोटी ऑर्डर देणारा असो नाहीतर धमकी देणारा, त्याला एक लिंक पाठवा, त्यानं क्लिक केलं की त्याचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा त्याच्या कनेक्शनचा नंबर, मिळतो, तो आयपी लोकेशनच्या साइटवर टाकला की घराचा पत्ता मिळतो, त्या आयपीला लावलेल्या नावात, म्हणजे होस्टनेममध्ये, ज्या कंपनीचं नाव येईल तिथलाच माणूस समजायचा, आयपी १९२.१६८ नं सुरू होत असेल तर हॅकर तुमच्याच गल्लीत आहे, आणि ह्या सगळ्याचे स्क्रीनशॉट म्हणजे कोर्टात पक्का पुरावा. शेवटची ओळ, ‘पोलिसांच्या चकरा मारू नका, स्वतः पकडा’.

असल्या मेसेजला एरवी मी उत्तर देत नाही, पण हा माझ्या आत्तेभावापर्यंत पोचला. दादाचं चप्पल लाईनला दुकान आहे, ऑनलाइनपण विकतो, आणि कोणीतरी त्याच्या साइटवर कॅश ऑन डिलिव्हरीच्या खोट्या ऑर्डरी टाकतंय, पार्सल परत येतंय, जाण्यायेण्याचा खर्च ह्याच्या डोक्यावर. माणूस आधीच वैतागलेला. ऑर्डरीसोबत आलेला आयपी त्यानं साइटवर टाकला, नकाशावर पिन पडली मंगळवार पेठेतल्या एका घरावर, आणि हा दोघा मित्रांना घेऊन गाडीला किक मारून निघालाच होता. त्या घरात एक म्हातारं जोडपं राहतं. आत्यानं वेळेवर मला फोन केला म्हणून तो थांबला. मी एका ब्रॉडबँडवाल्याकडं नेटवर्क बघतो, दिवसभर हेच काम, तेव्हा आता जरा इस्कटून सांगतो.

सगळ्यात घातक गोष्ट ती पिन. आयपीमध्ये घर नंबर, गल्ली, पेठ असलं काहीही लिहिलेलं नसतं. आयपीचे गठ्ठे कंपन्यांच्या नावावर असतात, आणि कुठला गठ्ठा कुठल्या भागात वापरला जातोय ह्याचा ह्या साइटवाले अंदाज बांधतात. अंदाज शहरापर्यंत बरोबर आला तरी खूप झालं, मोबाइलवर असलेला कोल्हापूरचा माणूस बऱ्याचदा मुंबईत नाहीतर पुण्यात दिसतो कारण कंपनीचं नेट तिथून बाहेर पडतं. आणि साइटला ‘कोल्हापूर’ एवढंच माहीत असलं तरी नकाशावर दाखवायला एक ठिपका लागतोच की, म्हणून शहराला एक ठरावीक बिंदू देऊन टाकलेला असतो. दादाच्या समोर बसून मी आमच्याच नेटवर्कवरचे कागलचे, इचलकरंजीचे, कसबा बावड्याचे आयपी त्याच साइटवर टाकले. सगळ्यांची पिन मंगळवार पेठेतल्या त्याच छपरावर. तेव्हा कुठं त्याचा चेहरा उतरला.

अमेरिकेत हेच लई मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय, २०१६ मध्ये त्याची सगळी हकिकत बाहेर आली. मॅक्समाइंड ही आयपी लोकेशनचा डेटाबेस विकणारी कंपनी. ज्या आयपीबद्दल ‘अमेरिका’ ह्यापलीकडं काही माहीत नाही त्यांना देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू द्यायचा असं त्यांनी ठरवलं आणि आकडे सोपे करून टाकले, ३८ उत्तर, ९७ पश्चिम. तो बिंदू पडला कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळच्या एका शेतघराच्या आवारात. ६० कोटींहून जास्त आयपी त्या एका घराच्या नावावर दिसायला लागले! मग वर्षानुवर्षं तिथं एफबीआयचे लोक यायचे, टॅक्सवाले यायचे, घर सोडून गेलेली पोरं शोधत पोलीस यायचे, कोणी जिवाचं बरंवाईट करून घेईल म्हणून ॲम्ब्युलन्स यायची, आणि एकानं तर फुटका कमोड आणून दारात टाकला. त्या घरच्यांचा कशाशीही संबंध नव्हता. ही गोष्ट उघड झाल्यावर कंपनीनं तो बिंदू उचलला आणि एका तलावात नेऊन ठेवला, म्हणजे निदान कुणाच्या दारात कोणी जायला नको. आणि ह्या माहितीवरून अमुक एक घर किंवा कुटुंब ओळखायला जाऊ नका, असं हीच कंपनी स्वतः लिहून देते. डेटा बनवणारा नको म्हणतोय, मग मेसेज फॉरवर्ड करणाऱ्याला कुठून कळलं की तो घराचा पत्ता आहे?

त्यात एक आयपी म्हणजे एक घर हेच आता बऱ्याच ठिकाणी खरं राहिलेलं नाही. आयपीव्ही४, म्हणजे आयपीचा जुना पण अजून चालणारा प्रकार, त्याचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, त्यातले जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. तेव्हापासून बाहेरचा एकच आयपी पुष्कळ गिऱ्हाइकांना मिळून वापरायचा, ह्याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात, आणि त्यासाठी आतल्या बाजूला वापरायला २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची रेंज वेगळी काढून ठेवली गेली. एकाच वेळी एकाच आयपीवरून एक कॉलेजचं पोरगं, एक डॉक्टर आणि एक किराणा दुकानदार नेट वापरत असतो. बाहेरून बघणाऱ्याला तिघं एकच दिसतात.

आता होस्टनेम. हा मुद्दा निम्मा खरा आहे, आणि म्हणूनच लोक फसतात. आयपीवरून नाव विचारायची सोय डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरची नावं आणि आयपी जुळवणाऱ्या यंत्रणेत, आहे, त्याला रिव्हर्स लुकअप म्हणतात. पण ते नाव लिहितो कोण? ज्याच्या ताब्यात तो आयपीचा गठ्ठा आहे तो, किंवा त्यानं ज्याला लिहायला दिलं तो. तिथं काय लिहायचं ह्यावर कुणाची रोकटोक नाही. उद्या एखाद्यानं सर्व्हर भाड्यानं घेतला आणि त्याच्या आयपीला मोठ्या बँकेचं नाव लावलं तर लुकअपमध्ये बँकच दिसणार. गाडीच्या काचेवर ‘पोलीस’ लिहिलं म्हणून आतला माणूस पोलीस होत नाही, तेवढीच त्या नावाची किंमत.

म्हणून उलट तपासणी करायची. गूगलनं स्वतःचा क्रॉलर (साइट वाचत फिरणारा प्रोग्रॅम) खरा की खोटा हे ओळखायला हीच पद्धत सांगितलीय. समजा साइटच्या लॉगमध्ये, म्हणजे कोण येऊन गेलं त्याच्या नोंदीत, ६६.२४९.६६.१ आलाय. आधी रिव्हर्स विचारायचं, उत्तर येतं क्रॉल-६६-२४९-६६-१.गूगलबॉट.कॉम. इथं थांबायचं नाही. आता हे नाव घेऊन सरळ लुकअप करायचं, ह्याचा आयपी कुठला? परत ६६.२४९.६६.१ आला तरच खरं. कारण गूगलबॉट.कॉम ह्या डोमेनखाली कुठलं नाव कुठल्या आयपीला जोडायचं हे फक्त गूगलच्या हातात आहे, चोर आपल्या आयपीला ते नाव लावू शकतो पण गूगलच्या डोमेनमध्ये आपला आयपी घुसवू शकत नाही. आणि नावाचा शेवट नीट वाचायचा, गूगलबॉट.कॉम.अमुकतमुक.इन्फो असलं काही असेल तर ते डोमेन अमुकतमुकचं आहे, गूगलचं नाही. मेसेजमध्ये ही दुसरी पायरी नाहीच, पहिल्या पायरीवर माणसाला दोषी ठरवून मोकळे.

बरं, दोन्ही बाजू जुळल्या तरी सिद्ध काय होतं, तर हा आयपी ह्या नेटवर्कचा आहे, एवढंच. दादाला जे होस्टनेम दिसलं त्यात इंटरनेट कंपनीचं नाव आणि आयपीचेच आकडे होते. कंपन्या असली नावं हजारोंनी आपोआप पाडतात. त्यावरून ‘त्या कंपनीतला माणूस आहे’ असं त्याचा मित्र छातीठोक सांगत होता. म्हणजे आमच्याकडचं कुठलंही गिऱ्हाईक काही करेल आणि नाव माझ्यावर येईल.

१९२.१६८ वर जास्त बोलण्यात अर्थ नाही. ही खासगी रेंज आहे, १९९४ पासून घराघरातल्या आणि ऑफिसातल्या आतल्या नेटवर्कसाठी राखलेली, ती इंटरनेटवर जातच नाही. तुमच्या घरच्या राउटरवर बहुतेक तीच असेल. साइटच्या लॉगमध्ये हा आयपी दिसला तर बहुतेक तुमच्या सर्व्हरपुढं बसवलेल्या प्रॉक्सीचा, म्हणजे मधल्या मशीनचा, आयपी नोंदला जातोय, साइट बनवणाऱ्याला सांगा.

लिंक पाठवायची युक्तीपण अशीच. व्हॉट्सॲपवर लिंकचा प्रिव्ह्यू पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो, म्हणजे पहिला आयपी येईल तो तुमचाच. फेसबुक मेसेंजरवर टाकली तर फेसबुकचा सर्व्हर येऊन लिंक बघून जाऊ शकतो आणि मग लोकेशन दाखवतं अमेरिका. व्हीपीएन, म्हणजे स्वतःचा आयपी लपवून दुसरीकडून नेट वापरायची सोय, असली तर विषयच संपला. आणि कोर्टाचं म्हणाल तर नुसत्या स्क्रीनशॉटनं भागत नाही, इलेक्ट्रॉनिक नोंदीला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं.

एक गोष्ट मान्य करतो. आयपीवरून माणसापर्यंत पोचता येतं, नाही असं नाही. पण ते इंटरनेट कंपनीच्या नोंदीतून, आणि त्या नोंदी कंपनी तुम्हाला मला देत नाही, पोलिसांनी रीतसर मागितल्या तर देते. त्यातही नुसता आयपी देऊन काही होत नाही. पोलिसांकडून ‘अमुक तारखेला ह्या आयपीवर कोण होतं’ असं पत्र आलं की आम्ही गिऱ्हाइकांची यादीच्या यादी काढू शकतो, एक नाव नाही. सेकंदापर्यंतची वेळ आणि समोरच्याचा सोर्स पोर्ट नंबर (एकाच आयपीवरची कनेक्शनं वेगळी ओळखायचा आकडा) दिला तरच त्या गर्दीतून एक कनेक्शन वेगळं निघतं. आणि तेपण कनेक्शन कुणाच्या नावावर आहे एवढंच, त्या वायफायवर बसून ऑर्डर कोणी टाकली हे पुढचं काम पोलिसांचं.

तेव्हा पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० ला फोन करा, बाकी तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर टाका, आणि तक्रारीत ऑर्डर नंबर, आयपी, पोर्ट, वेळ आणि ती वेळ भारतीय आहे की यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) हे स्पष्ट लिहा. साडेपाच तासांच्या फरकानं भलत्याच माणसाचं नाव निघू शकतं. दादाच्या साइटच्या लॉगमध्ये पोर्ट येतच नव्हता, बऱ्याच छोट्या दुकानांच्या साइटवर येत नाही. साइट एनजिनएक्स ह्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर असेल तर लॉग फॉरमॅटमध्ये रिमोट पोर्टचा व्हेरिएबल जोडायचा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढं सीडीएन (गिऱ्हाईक आणि साइटच्या मधली सर्व्हरची सेवा) लावलेला असेल तर खऱ्या गिऱ्हाइकाचा आयपी आणि पोर्ट तिकडून कसा मागवायचा ते साइट बनवणाऱ्याकडून आजच विचारून घ्या, कारण जी ऑर्डर पोर्टशिवाय नोंदली गेली तिचा पोर्ट नंतर कुठून आणणार?