सॅटेलाइट आहे म्हणून हिमालयाचा नकाशा घरबसल्या होत नाही

सध्या एक फॉरवर्ड सगळ्या ट्रेकिंग ग्रुपांवर फिरतंय, की सॅटेलाइटने हिमालय-काराकोरम इंच न् इंच मोजून झालाय, जुने सर्व्हेवाले तसेही चुकायचे, आता बर्फात सर्व्हेवाले पाठवणं म्हणजे पैशाची नासाडी. उंचीच्या डेटावर रोज काम करते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिलं, "इंच न् इंच". फुकट मिळणारा आणि भरपूर वापरला जाणारा उंचीचा डेटा फेब्रुवारी २००० मधला आहे, स्पेस शटलवरून ११ दिवसांत रडारने घेतलेला, साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एक आकडा. काराकोरमच्या उभ्या कड्यांमागे रडारची सावली पडते, तिथे आकडाच मिळाला नाही, ती भोकं नंतर दुसऱ्या डेटाने बुजवली, पण स्क्रीनवर सगळं सलग दिसतं म्हणून लोकांना वाटतं मोजलेलंच आहे.

त्यात रडार कोरड्या बर्फात काही मीटर आत शिरतं, म्हणजे हिमनदीचा पृष्ठभाग आहे त्यापेक्षा खाली नोंदला जातो, आणि हाच डेटा धरून नंतरच्या उंचीशी तुलना केली की हिमनदी खरोखर जितकी झिजली त्यापेक्षा कमी झिजल्यासारखी दिसते. मग सॅटेलाइटने वेगवेगळ्या कोनांतून काढलेले दोन फोटो जुळवून उंची काढा म्हणाल, तर ताज्या बर्फावर नुसतं पांढरं, दोन फोटोंत जुळवायला खूणच सापडत नाही.

"जुने सर्व्हेवाले चुकायचे" हे खरंय. १८९२ मध्ये मार्टिन कॉनवे या ब्रिटिश गिर्यारोहकाला काराकोरममधला स्नो लेक (नाव लेक, पण आहे हिमनदीचं बर्फाळ खोरं) होता त्यापेक्षा कितीतरी मोठा वाटला. पण ती चूक सुधारली कुणी? १९३० च्या दशकात तिथे पायी फिरलेल्या माणसांनीच, तेव्हा सॅटेलाइट कुठे होतं!

एव्हरेस्टचंच बघा ना. ८८४८.८६ मीटर हा २०२० मध्ये जाहीर झालेला आकडा, त्यासाठी २०१९ मध्ये नेपाळचे सर्व्हेअर रिसीव्हर घेऊन शिखरावर गेले. रिसीव्हर सॅटेलाइटचेच सिग्नल घेतो, मान्य, पण तो वर न्यायला माणूस लागला, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची काढायला गुरुत्वाकर्षणाची मोजणी लागते ती वेगळीच.

नावांचं तर विचारूच नका. सियाचेन हे तिथल्या बाल्टी भाषेतलं नाव, जंगली गुलाबांची जागा असा अर्थ, ते कुठल्या फोटोत दिसणार?

आणि हे फॉरवर्ड वाचून कुणी फोनच्या नकाशातल्या कंटूरच्या (समान उंचीच्या रेषांच्या) भरवशावर हिमनदीवर जाणार असेल तर प्लीज थांबा, दोन-तीन मीटर रुंदीची भेग ३० मीटरच्या चौकोनात दिसत नाही, सोबत तिथला माणूस घ्या.