आज काल्याच्या कीर्तनातून मी मधेच उठले

गावच्या सप्ताहाचा आज काला. महाराज नामांकित, मांडवात पाय ठेवायला जागा नाही. अर्धा तास पोरींच्या जीन्सवर आणि मोबाईलवर बोलले. दोनदा मीही हसले, खोटं कशाला सांगू. मग म्हणाले, "आठ वर्षांचं पोर आम्हाला द्या, पुढची काळजी माउलींना." तिथं उठले. गर्दीत चपला सापडेनात, अनवाणीच घरी आले आणि लिहायला बसलेय.

माझा आतेभाऊ दहा वर्षांचा असताना त्याला पखवाज शिकायला एका संस्थेत ठेवला होता. कुठल्या, ते लिहीत नाही. दिवाळीला आला तो मुका होऊनच. आम्ही सगळी पोरं ओसरीवर झोपायचो, हा स्वयंपाकघरात आतून कडी लावून. आजोबा गोपीचंदन लावायला गेले तर त्यानं ओल्या पंच्यानं कपाळ लाल होईस्तोवर घासलं. चौथ्या दिवशी आत्याजवळ बोलला. आत्या गेली गावातल्या म्हाताऱ्या कीर्तनकार बाबांकडे. गावची भांडणं मिटवणारा माणूस, त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. बशीत चहा ओतत बाबा म्हणाले, "लाडानं हात फिरवला असंल. बोभाटा करू नको, माळेची लाज राख."

भाऊबीज झाली आणि पोराला परत एसटीत बसवलं.

मला राग त्या संस्थेतल्या नराधमाचा आहेच, पण त्याहून जास्त त्या बशीचा आहे. बाबांनी नुसतं "पोराला घरी ठेव" म्हटलं असतं तरी आजोबांनी ऐकलं असतं. आत्याचं कोण ऐकणार होतं?

लगेच कुणीतरी लिहील, सगळेच महाराज तसे नसतात. नसतात, मान्य. आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे, मला शिकवू नका. आणि हो, हे पाद्र्यांतही झालंय, मौलवींतही, शाळामास्तरांतही. म्हणून आपलं झाकायचं? आसारामला 2018 मध्ये जोधपूरच्या कोर्टानं बलात्कारासाठी जन्मठेप दिली, त्या सोळा वर्षांच्या पोरीचे आईबाप त्याचेच भक्त होते. भक्ताचंच लेकरू हाताशी सापडतं, कारण भक्त विचारत नाही.

तेव्हा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, नव्हता, तेही मान्य. 2012 पासून आहे. कलम 19 सांगतं की मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवायलाच हवं. दडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, संस्थेच्या प्रमुखानं दडवलं तर एक वर्षापर्यंत. आज बाबांची ती बशी गुन्हा ठरली असती. हे किती गादीवाल्यांना ठाऊक आहे? ठाऊक असेल तर मांडवात का सांगत नाहीत? गाडगेबाबा हातात खराटा घेऊन कीर्तनात कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, पोरं शाळेत घाला म्हणत होते. त्यानं कीर्तन बाटलं नाही. मग पाच मिनिटं "बाळा, कुणी नको तिथं हात लावला तर ओरड, मी लावला तरी ओरड, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन कर" म्हटल्यानं काय बाटणार आहे? हजार बायाबापड्या समोर, भोंगा पार शिवारापर्यंत. पोलिसांच्या फलकाला जे जमत नाही ते एका महाराजाच्या तोंडून होतं. म्हणून तर चिडलेय. उगाच कुणावर चिडायला मला वेळ नाही.

बाबा गेले तेव्हा सगळं गाव रडलं. मीही. माझ्या बारशाला पाळण्यापुढं अभंग त्यांनीच म्हटला होता. काय करू त्या माणसाचं, कळत नाही.

आतेभाऊ पुण्यात असतो, रिक्षा चालवतो. पखवाजाला परत हात लावला नाही. मघाशी त्याला फोन केला, मधेच उठून आले म्हणून सांगितलं. कुठल्या महाराजांचं होतं, काय बोलले, काही विचारलं नाही त्यानं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पखवाजावर कोण होतं गं? पोरगं होतं का?"

होतं. बारा-तेरा वर्षांचं.