गंज घासायचा की ठेवायचा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका (वयाने मोठा आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून हक्काने काका म्हणतो), तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी माझ्या १८७३ मॉडेलच्या विंचेस्टर या जुन्या अमेरिकन रायफलचे फोटो टाकले होते. त्यावर काकांचं म्हणणं असं, की एवढे डॉलर मोजून गंजकं लोखंड घरात आणलं आणि वर लोकांना 'घासू नका' म्हणून शिकवतोय. आजोबांच्या पेटीतल्या शिवराया (जुनी तांब्याची नाणी) त्यांनी चिंच लावून लख्ख केल्या, तशी ही केली असती तर निदान बघवली असती. दुसरा मुद्दा जास्त बोचरा: जिने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा संहार केला, ती वस्तू भिंतीवर टांगून कसलं कौतुक करताय?

आधी गंजाचं बघू.

ही माझी पहिली रायफल नव्हे. आधी एक घेतली होती, तीही १८७३ चीच. निळसर काळी, आरशासारखी. विकणारा म्हणाला, सगळं मूळचं आहे. मी भुललो. पुढे एका जाणत्या संग्राहकाने ती हातात घेतली आणि काही न बोलता नळीवरच्या अक्षरांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख कुठे अडेचना. साबणाच्या वडीवरचं नाव चार आंघोळींनंतर जसं होतं, तशी ती अक्षरं झाली होती. मग त्याने स्क्रू दाखवले. प्रत्येक स्क्रूभोवतीचा धातू बशीसारखा खोलगट. अष्टकोनी नळीच्या धारा बोथट. दस्त्याचं लाकूड धातूच्या खाली गेलेलं. कारखान्यातून निघताना ते धातूपेक्षा केसभर वर असतं. म्हणजे कोणीतरी ती बफिंगच्या चाकावर धरून गंजाबरोबर मूळ धातूही उडवला होता आणि वर नवी निळाई (लोखंडावर चढवतात तो निळसर काळा थर) चढवली होती. घेतली त्याच्या निम्म्या किमतीत विकली, आणि विकताना खरं काय ते सांगून विकली.

आताची तपकिरी आहे, मान्य. पण लोडिंग गेटच्या (काडतुसं भरायच्या झडपेच्या) कडेला, जिथे कोणाचं बोट पोचलं नाही, तिथे मूळची निळाई अजून चिमूटभर आहे. चालताना जिथे हाताने तोलून धरतात, तिथलं लोखंड पांढरं पडलंय. पुढच्या लाकडावर एकाच बाजूला झिजलेला पट्टा आहे, बहुधा खोगिराचा. हे सगळं एका दुपारी वायर ब्रशने साफ करता येतं. परत आणता मात्र येत नाही.

आणि गंज जशाचा तसा ठेवा असं मी म्हटलेलंच नाही. बोटाला लागणारा लाल, भुरभुरीत गंज मी थांबवतोच. पातळ तेल, मऊ कापड, आणि घाई नाही. ठेवायचा तो घट्ट बसलेला तपकिरी थर.

माझ्यापेक्षा मोठं उदाहरण देतो. नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात नोव्हेंबर २०१४ मध्ये एका जुनिपरच्या झाडाला टेकलेली १८७३ ची विंचेस्टर सापडली. लाकूड उन्हाने तडकून पांढुरकं पडलेलं, दस्त्याचं टोक मातीत गेलेलं. क्रमांकावरून वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयाने कारखान्याची जुनी नोंद शोधली: १८८२ सालची रायफल. एक्स-रे काढला तर दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस निघालं. एवढी प्रसिद्धी मिळालेली वस्तू; तिला पॉलिश करून नवी कोरी दाखवता आली असती. त्यांनी लाकूड आणखी सुटू नये एवढीच व्यवस्था केली आणि ती जशी सापडली तशीच ठेवली.

आता दुसरा मुद्दा. इथे तुमचं निम्मं बरोबर आहे.

सैन्याचं म्हणाल तर लिव्हर ओढून भरायची ही रायफल अमेरिकन लष्कराची नेहमीची बंदूक कधीच नव्हती. २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकन सेनाधिकारी कस्टरच्या घोडदळाकडे एकबारी स्प्रिंगफील्ड बंदुका होत्या. अनेक बारांच्या हेन्री आणि विंचेस्टर होत्या त्या समोरच्या लकोटा आणि शायान या मूळ रहिवासी जमातींच्या योद्ध्यांपैकी बऱ्याच जणांकडे. १९८४ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी ते रणांगण मेटल डिटेक्टरने पिंजून काढलं, तेव्हा त्या रायफलींची रिकामी काडतुसं मातीतून निघाली. १८९० मध्ये वुंडेड नी इथे सैन्याने लकोटांच्या बायकामुलांवर चालवल्या त्याही हॉचकिस तोफा.

पण म्हणून विंचेस्टरचे हात धुतलेले, असं नाही. त्या जमिनींवर जाऊन बसलेल्या गुराखी, खाणवाल्या आणि वसाहतवाल्यांच्या खोगिराला हीच लटकत असे. १८७३ मॉडेलच्या सात लाखांहून जास्त बनल्या, त्या काही सगळ्या हरणांसाठी नव्हत्या. माझ्या लेखाचं शीर्षक होतं 'पश्चिम जिंकणारी रायफल' (पश्चिम म्हणजे अमेरिकेचा पश्चिम भाग). ते कंपनीचं जाहिरातीतलं वाक्य, मी डोळे झाकून उचललं. जिंकली ती कोणाकडून, हे त्यात कुठेच नाही. बफिंगच्या चाकावर घासलेल्या नळीबद्दल मी एवढा तावातावाने लिहितो आणि घासूनपुसून गुळगुळीत केलेलं वाक्य मात्र शीर्षकात घालतो! शीर्षक काल बदललंय.

भिंतीचं मात्र चुकीचं वाचलंत. फोटोपुरती टांगली होती. एरवी ती रिकामी, कुलूपबंद लोखंडी कपाटात असते, आणि मी ती कधी चालवत नाही. आतला सांधा गुडघ्यासारखा दुमडतो आणि जुन्या काळ्या बंदुकीच्या दारूच्या दाबापुरताच बनवलेला आहे. आजचं जोरकस काडतूस त्यात घालणं म्हणजे स्वतःच्या तोंडाशी खेळ.

राहता राहिल्या शिवराया. चिंचेने तांब्याचा हंडा घासावा, तो रोज वापरायचा असतो. नाण्यावरचं 'श्री राजा शिव' मुळातच उथळ, त्यात वर्षानुवर्षं हातोहात झिजलेलं. आंबट लावून घासलं की उरलेला कानामात्राही जातो. पेटीत अजून न घासलेली एखादी असेल तर तिरप्या उजेडात धरून फोटो काढा आणि इथेच टाका.