गंजलेली, पण सुस्थितीत

तीन आठवडे झाले, पण ती सही अजून माझ्या हाताला खुपते आहे. कागदावर लिहिलं होतं, 'एक जुनी वापरती दुनळी बंदूक, लाकडी दस्ता असलेली, गंजलेली, जु.वा.किं.अं. रु. 2000.' आणि त्याच्याच खाली, 'वरील वर्णनाचा मुद्देमाल मला सुस्थितीत मिळाला. माझी काही तक्रार नाही.'

ज्या पुण्यवान वाचकांचा पोलीस ठाण्याशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो: जु.वा.किं.अं. म्हणजे जुनी वापरती, किंमत अंदाजे. आमच्या घरी आता हे माझं टोपणनाव झालं आहे. मुलगी मैत्रिणीला फोनवर सांगते, "थांब, जुवा आलेत."

मी कारकुनांना म्हटलं, "साहेब, गंजलेली आणि सुस्थितीत हे दोन्ही एकदम कसं?"

ते म्हणाले, "गंजलेल्या मालाची जी सुस्थिती असते, ती."

यावर काय बोलणार? सही केली.

बंदूक आजोबांची. कोकणात वानरं आणि रानडुकरं यांच्यापासून बाग राखायला घेतलेली. आजोबांनी माझ्या माहितीत तिचा एकच बार काढला, तोही आकाशाच्या दिशेने. वानरं हलली नाहीत. एक नारळ मात्र पडला आणि आजीने त्याची सोलकढी केली. पुढे वडिलांकडे आणि मग रीतसर परवान्यासकट माझ्याकडे, मुंबईच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे राखायला बाग नाही आणि घाबरायला वानर नाही. वर्षातून चार वेळा नळ्यांतून चिंधी फिरवायची, मशीनचं तेल लावायचं आणि पुन्हा कपाटात कुलूप लावून ठेवायची, एवढाच आमचा शिकारखाना.

2024 च्या गणपतीत आम्ही गावी असताना घर फुटलं. चांदीचं ताम्हन, मिक्सर आणि बंदूक गेली. चोर अकराव्या दिवशी सापडला. ताम्हन वितळलं होतं, मिक्सर विकला होता, पण बंदूक गोणपाटात गुंडाळलेली जशीच्या तशी मिळाली. जप्तीच्या पंचनाम्यात 'चालू स्थितीत, तेलकट' असा शब्द आहे. तेलकट! म्हणजे त्या माणसाने तिला तेल लावलं होतं. चोराकडे अकरा दिवस राहून जी तेलकट होती, ती कायद्याच्या छत्राखाली चौदा महिने राहून गंजलेली झाली. मी हे कारकुनांना दाखवलंही. ते म्हणाले, "ते पंचांनी लिहिलंय, मी नाही."

आता मुद्देमाल परत मिळवायचा म्हणजे न्यायालयात अर्ज. आमचे वकील पहिल्याच दिवशी म्हणाले, "काळजी करू नका, आपण सुंदरभाई लावू."

मला वाटलं, कोणीतरी मध्यस्थ असावा. मी आवाज खाली आणून विचारलं, "किती घेतात?"

वकिलांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निवाडा आहे. जप्त माल ठाण्यात पंधरा दिवस, फार तर महिना, त्यापेक्षा जास्त पडू देऊ नका, फोटो काढा, पंचनामा करा, हमी घ्या आणि ज्याचा त्याला देऊन टाका, असं त्यात सांगितलं आहे. आणि हा खटला उभा कशावरून राहिला? तर ठाण्यातला मुद्देमाल बदलल्याच्या आणि लाटल्याच्या आरोपावरून. आरोपी पोलीसच. हे कळल्यावर मी रोज रात्री आमच्या बंदुकीचा नंबर पाठ म्हणू लागलो.

शिवाय 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेची नवीन संहिता आली. जुन्या 451 च्या जागी 497 वं कलम आलं. त्यात न्यायालयाने चौदा दिवसांत मालाची यादी करायची आणि यादी-फोटो झाल्यावर तीस दिवसांत निकाल लावायचा, असं स्पष्ट आहे. मी हिशेब केला, दिवाळीला बंदूक घरी. आली दिवाळीनंतरच, फक्त पुढच्या वर्षीच्या. कधी पोलिसांचा 'से', म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, यायचा होता, कधी सरकारी वकिलांचा. कधी बंदूक तपासणीला गेलेली होती, कारण ती चोरीच्या काळात कोणावर चालली का, हे बघायला हवं. तिथे बार काढून काडतुसावरची खूण बघतात. म्हणजे आजोबांपेक्षा सरकारनेच ती जास्त वेळा चालवली. आणि सगळं जुळून आलं की साहेब बंदोबस्ताला. साहेब बंदोबस्ताहून आले की मुद्देमालवाले रजेवर आणि चावी त्यांच्याबरोबर त्यांच्या गावी.

मधल्या काळात परवान्याची मुदत संपली. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने ती तीनची पाच वर्षं झाली आहे खरी, पण माझी पाच नेमकी तेव्हाच भरली. परवान्याच्या टेबलावर म्हणाले, "शस्त्र दाखवा, मग नूतनीकरण." ठाण्यात म्हणाले, "नूतनीकरण दाखवा, मग शस्त्र." मी परवानावाल्यांना म्हटलं, "शस्त्र तुमच्याकडेच आहे." ते म्हणाले, "आमच्याकडे नाही, ठाण्यात आहे." "पण ठाणं तुमच्याच खात्याचं ना?" "खातं एक, टेबल वेगळं."

याच्यावर ताण म्हणजे नोव्हेंबर 2024 ची विधानसभा. आचारसंहितेत परवानाधारकांना शस्त्रं ठाण्यात जमा करायला सांगतात. मलाही नोटीस आली. मी उत्तर लिहिलं की माझं शस्त्र आपल्याच ठाण्यात दीड महिन्यापासून जमा आहे. फोन आला, "मग जमा केल्याची पावती कुठे आहे?" मी म्हटलं, "चोराला मागा, जमा त्याने केलंय." हा विनोद त्यांना आवडला नाही. मला दुसऱ्या दिवशी साडेदहाला बोलावलं आणि साडेचारपर्यंत बाकड्यावर बसवलं.

त्या बाकड्यावर मला बंबवाले काका भेटले.

बाकडं चार पायांचं, पण टेकलेलं तीनच पायांवर. चौथ्याखाली दुमडलेला पुठ्ठा होता आणि तो पुठ्ठा काकांनी स्वतः घरून आणला होता. पांढरा लेंगा, इस्त्रीचा बुशशर्ट, मांडीवर प्लास्टिकची फाइल. मी बसल्याबरोबर त्यांनी दवाखान्यात विचारतात तसं विचारलं, "किती दिवस झाले?"

"दोन महिने होतील."

"अजून ताजं आहे," ते म्हणाले. "माझं चौथं वर्ष. काय गेलंय तुमचं?"

मी हळूच सांगितलं.

"बंदूक!" काका असे ओरडले की समोर पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या दोन बायका उठून पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "गोळी आहे का आत?"

"नाही हो. आणि ती माझी आहे. चोरीला गेली होती."

"सगळे असंच सांगतात," काका समजुतीच्या सुरात म्हणाले. मग जवळ सरकले. "नाव घातलं होतं?"

"कशावर?"

"बंदुकीवर. भांड्यावर घालतो तसं."

"बंदुकीवर नंबर असतो काका."

"नंबर कोण वाचतो? नाव हवं. आमच्या हिच्या वाटीवर नाव आहे, उलथन्यावर आहे. माझ्या बंबावर होतं. पण तेच तर नडलं ना."

काकांचा बंब तांब्याचा, लग्नात सासऱ्यांनी दिलेला. घरात गॅसचा गीझर आल्यावर तो चाळीच्या गॅलरीत गेला, पण दर दिवाळीला चिंच लावून लख्ख व्हायचा. एका रात्री नाहीसा झाला. चोराने तोटी काढली, मधली नळी काढली आणि बाकीचा बंब ठोकून, दुमडून भंगारवाल्याकडे नेला. तिथे पकडला गेला.

"मग मिळाला की!"

"मिळाला कुठला? मी तक्रार दिली बंबाची. त्यांनी जप्त केला तांब्याचा चेपलेला पत्रा, वजन अकरा किलो. कागदोपत्री माझा बंब अजून बेपत्ता आहे."

"पण नावावरून ओळख पटवायची ना."

काकांनी फाइलमधून एक फोटो काढला. चुरगळलेलं तांबं, कडेला हिरवी बुरशी आणि मधोमध ठोक्याठोक्यांनी कोरलेली अक्षरं. "सासऱ्यांनी घातलं होतं, 'जावईबापूंस सप्रेम भेट'. दुमडताना 'जावईबापूंस' आत गेलं. 'म भेट' पण आत गेलं. बाहेर काय राहिलं, वाचा."

मी वाचलं. "सप्रे."

"सप्रे," काका म्हणाले. "साहेब म्हणतात, माल सप्रेंचा आहे. सप्रे आले की देऊ."

"तुमचं आडनाव…"

"नाही ना! सात पिढ्यांत कोणी सप्रे नाही. मी गेल्या वर्षी तसं प्रतिज्ञापत्रही करून दिलं, की मी सप्रे नाही. त्यांनी घेतलं, शिक्का मारून पोच दिली आणि म्हणाले, मग तर प्रश्नच मिटला."

मी हसलो. काका हसले नाहीत. फोटो परत फाइलमध्ये ठेवताना त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला, चिंच लावल्यासारखा. "पत्रा उलगडून बघा म्हटलं, तर म्हणाले मुद्देमालात फेरफार करता येत नाही."

पुढच्या वर्षभरात त्या बाकड्यावर मी निदान वीसदा बसलो असेन. काका दर वेळी असायचेच. त्यांना माझं नाव कधी लागलं नाही. लांबून दिसलो की भरल्या व्हरांड्यात हाक मारायचे, "ओ बंदूकवाले, या, इकडे जागा आहे!" आणि खरंच आजूबाजूला भरपूर जागा व्हायची. ठाण्यातल्या हवालदारांनीही मग तेच उचललं. एकदा एका नव्या शिपायाने 'बंदूकवाला' ऐकून मला आरोपींच्या बाजूला उभं केलं. पाऊण तास मी तिथे उभा होतो. शेजारच्या पाकीटमाराने मला आदराने जागा दिली आणि विचारलं, "भाऊ, कोणाचे?" घर माझं फुटलं, ताम्हन माझं वितळलं, परवाना माझा, कर माझे, आणि चौदा महिन्यांत त्या इमारतीत मला 'बसा' म्हणणारी माणसं दोनच. एक बंबवाले आणि एक पाकीटमार.

शेवटी आदेश निघाला. विकणार नाही, रंगरूप बदलणार नाही, न्यायालय मागेल तेव्हा हजर करीन, असा सुपूर्दनामा लिहून दिला. मुद्देमालाच्या खोलीतून बंदूक आली ती मोटारसायकलच्या नंबरप्लेटा आणि एक हार्मोनियम यांच्या खालून. खिडकीची काच फुटलेली, मुंबईची खारट हवा, दोन पावसाळे. दस्त्याला तारेने बांधलेलं लेबल, नळीवर लाखेचा गोळा. दोन्ही नळ्यांवर तपकिरी, खरखरीत पापुद्रा, बोटाला लागणारा. आजोबा खटका सरकवून दोन सेकंदांत तिचे तुकडे करून पिशवीत घालायचे. खटका हललाच नाही. मी दोन्ही अंगठे लावले, कारकुनांनीही एक लावून बघितला आणि मग शर्टाला पुसला. सुस्थितीत.

खोळ चोराकडे कुठेतरी राहिली होती, त्यामुळे मी घरून योगासनांची चटई नेली होती. तिच्यात बंदूक गुंडाळली, तरी नळ्या वीतभर बाहेर. पहिल्या दोन टॅक्सीवाल्यांनी मान हलवली. ते मुंबईत तसेही हलवतात म्हणा. तिसरा तयार झाला, तेवढ्यात फाटकातून काका निरोपाला ओरडले, "जपून न्या हो बंदूक!" चौथी टॅक्सी मिळायला अर्धा तास लागला.

घरी मी चार रात्री रॉकेल, तेल आणि काथ्या घेऊन बसलो. त्याआधी वकिलांना फोन करून विचारलं, "गंज काढणं म्हणजे रंगरूप बदलणं होतं का?" ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हळूहळू काढा." पाचव्या दिवशी खटका हलला. बायकोने मध्यरात्री उठून बघितलं, मी अंधारात बंदूक उघडतो आहे आणि मिटतो आहे, आणि काही न बोलता परत झोपली.

आणि मग, 2017 नंतर जी महापालिकेची निवडणूक झालीच नव्हती, जी आज होते उद्या होते म्हणून माणसं थकली होती, ती नेमकी 2025 च्या डिसेंबरात जाहीर झाली. नोटीस आली. शस्त्र जमा करा.

तेच ठाणं, तीच खिडकी, तेच कारकून. त्यांनी बंदूक हातात घेतली, नळीवर बोट फिरवलं आणि पावती लिहायला घेतली. मी उलट्या बाजूने वाचत होतो. 'एक जुनी वापरती दुनळी बंदूक, लाकडी दस्ता असलेली, गंजलेली…'

"साहेब," मी म्हटलं, "गंज काढलाय. चार रात्री घासलीय. बघा तरी."

त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. बोट बघितलं. बराच विचार केला आणि 'गंजलेली'च्या आधी, वर, बारीक अक्षरांत लिहिलं, 'किंचित'.

मी पावती घेऊन बाहेर आलो. बाकड्यावर काका होतेच. पण आज लेंग्याला कडक इस्त्री, चेहऱ्यावर तेज आणि शेजारी एक अनोळखी, संकोचलेले गृहस्थ, हातात आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन.

"या बंदूकवाले," काका म्हणाले आणि त्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला. "हे सप्रे."