‘दोन झाडं चालतात’ हे सांगितलं कोणी?

माझ्या फोंड्याच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत दिवे लावलेलं कपाट आहे. त्यात मी लेट्यूस, तुळशीचे दोन-तीन प्रकार आणि मोहरी-मुळ्याचे कोवळे कोंब वाढवतो. थोडं घरी लागतं, थोडं ओळखीच्या दोन रेस्टॉरंटांना जातं. या कपाटापायी लोक मला काहीही विचारतात. पावसाळ्यात भाचा आला, चहाचा कप ठेवला आणि मोबाईल पुढे केला. ‘‘मामा, हें खरें काय?’’

मेसेज तुम्हालाही आला असेल. मथितार्थ असा: गोव्यात घरच्या वापरासाठी गांजाची दोन झाडं चालतात. एक किलोपर्यंत गुन्हाच होत नाही. भांग तर सरकारमान्य आहे. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी गांजा ड्रग्जमधून वगळला, गोवा सरकारनेही लागवडीला होकार दिला. लहान कपाटाएवढा बॉक्स, एलईडी आणि कार्बन फिल्टर आणा. वास नाही, बिल नाही, शेजाऱ्याला पत्ता नाही. बी ऑनलाइन मिळतं.

इतक्या कमी ओळींत इतकी चुकीची माहिती मी क्वचितच वाचली आहे.

‘गोव्यात चालतं’ हे गोंयकाराला चटकन पटतं, कारण आपल्याकडे खरोखरच बरंच वेगळं आहे. लग्नाला पोर्तुगीज काळातला नागरी कायदा अजून लागतो, मांडवीत कॅसिनो उभे आहेत, दारू शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त. पण अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, संसदेचा आहे. तो १४ नोव्हेंबर १९८५ ला देशभर लागू झाला, तेव्हा गोवा घटक राज्यही नव्हता. हणजूण-वागातोरच्या हिप्पींच्या ज्या गोष्टी आपण ऐकत वाढलो, त्या बहुतेक त्याच्या आधीच्या. किनाऱ्यावर कोणी उघड्यावर ओढताना दिसतो म्हणून कायदा बदललेला नसतो. तो माणूस सापडलेला नसतो, एवढंच.

‘दोन’ हा आकडा कुठून आला, ते मी बराच वेळ शोधत बसलो. कॅनडात घरटी चार झाडं, २०१८ पासून. जर्मनीत प्रौढ माणसाला तीन, एप्रिल २०२४ पासून. माल्टात चार. भारताच्या कायद्यात दोनही नाही आणि एकही नाही. कलम ८ म्हणतं, कॅनबिसच्या, म्हणजे ज्यापासून गांजा-भांग मिळते त्या वंशाच्या, कोणत्याही झाडाची लागवड करू नये. अपवाद औषधी आणि वैज्ञानिक कामाचा, तोही सरकारने ठरवून दिलेल्या रीतीने. ‘कॅनबिसचं झाड’ म्हणजे त्या वंशातलं कुठलंही झाड. नर की मादी, फुललेलं की वीतभर रोप, नशेचं की दोराचं, असा भेद त्या व्याख्येत नाही.

आता तो एक किलो. हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण यात अर्धं सत्य आहे आणि पोरं त्या अर्ध्यावरच फसतात. गांजाची ‘अल्प मात्रा’ एक किलोपर्यंत धरली जाते आणि ‘व्यापारी मात्रा’ वीस किलोच्या वर, हे बरोबर. पण अल्प मात्रा म्हणजे माफी नव्हे. तिलाही एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि खरी गोम पुढे आहे. ही किलोची शिडी बाळगणं, विकणं, वाहून नेणं यांसाठी आहे. लागवडीची शिक्षा कलम २०(ए) मध्ये वेगळी आहे आणि तिथे शिडीच नाही. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड; झाड एक असो वा एकर भरून. म्हणजे कागदावर तरी पिशवीत नऊशे ग्रॅम गांजा बाळगणाऱ्याची कमाल शिक्षा एक वर्ष, आणि कपाटात एक रोप लावणाऱ्याची दहा. हे मला स्वतःला उफराटं वाटतं. घरात एक कुंडी ठेवणारा आणि डोंगरउतारावर शेत करणारा एकाच वाक्यात बसवणं धड नाही, हे मी कुठेही सांगेन. पण मेसेज ज्या मुलाला ‘बिनधास्त लाव’ म्हणतो, त्याला न्यायाधीशासमोर माझं मत कामाला येणार नाही.

दहा वर्षं ही कमाल मर्यादा आहे, किमान काही ठरवलेलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. व्यापारी मात्रेच्या खटल्यांना जामिनाच्या ज्या कडक अटी लागतात, त्या लागवडीच्या या गुन्ह्याला लागत नाहीत, त्यामुळे जामीन मिळू शकतो. तरी गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. जामीन ठाण्यावर सही करून मिळत नाही, कोर्टातून आणावा लागतो. तोवर नोकरीच्या ठिकाणी काय सांगणार, पासपोर्टच्या चौकशीत काय लिहिणार, हे मेसेजवाल्याने लिहिलेलं नाही.

आणखी एक कलम कोणी फॉरवर्ड करत नाही: २५. आपली जागा अशा कामासाठी वापरू देणारा मालक, ताबेदारही, जाणूनबुजून देत असेल तर तोही त्याच शिक्षेला पात्र. आपल्याकडे पोरांचा ‘स्वतःचा फ्लॅट’ बहुधा आईच्या नाहीतर भाटकाराच्या, म्हणजे जागेच्या मालकाच्या, नावावर असतो. आईने खोलीत कपाट बघितलं, वास ओळखला आणि ‘पोर आहे, जाऊंदी’ म्हणून गप्प बसली, तर तिच्यावर काय वेळ येईल, हे मी भाच्याला विचारलं. मेसेजवर हसणारा तो पहिल्यांदा गप्प झाला.

भांगेचं उत्तर लहान आहे. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. हे फुलोरे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून उत्तरेत काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकानं दिसतात. पान मोकळं, पण ते पान ज्याला येतं ते झाड लावायची मोकळीक त्यातून निघत नाही. बियांचंही तेच. हेम्पच्या, म्हणजे नशा नसल्यासारख्या कॅनबिसच्या, बिया खाद्य म्हणून विकायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मान्यता दिली, सॅलडवर भुरभुरायला. मातीत घालायला नव्हे. ‘हे हेम्प आहे, नशा नाही’ म्हणूनही सुटका नाही. दोरा-बियांसाठी लागवड करायलाही सरकारचा आदेश लागतो. उत्तराखंडने २०१८ मध्ये असे परवाने सुरू केले, तेही नशेचा घटक ०.३ टक्क्याखाली ठेवायच्या अटीवर.

संयुक्त राष्ट्रांचं मतदान खरं आहे. २ डिसेंबर २०२० ला ५३ सदस्यांच्या आयोगात २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा १९६१ च्या कराराच्या चौथ्या, सर्वांत कडक यादीतून निघाला, आणि भारताने बाजूने मत दिलं. पण तो पहिल्या यादीत राहिलाच, म्हणजे नियंत्रण कायम. औषधी उपयोग मान्य झाला, बाकी काही नाही. गोव्याचा ‘होकार’ही त्याच डिसेंबरातला. औषध कंपन्यांसाठी मर्यादित लागवडीचा प्रस्ताव सरकारदरबारी फिरतोय, अशी बातमी आली, विरोधकांनी गदारोळ केला आणि गाडी पुढे गेली नाही. त्या प्रस्तावातही तुमच्या-माझ्या कपाटाचा विषय कुठे नव्हता. घरात कोणाला दुखण्यासाठी खरंच गरज असेल, तर आयुषच्या परवान्याची ‘विजया’ (आयुर्वेदातलं याच झाडाचं नाव) असलेली औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. त्यासाठी माळी व्हायची गरज नाही.

आता बॉक्स. इथे मी कायद्यापेक्षा जास्त अधिकाराने बोलतो. दिवा-पंख्याचं कपाट बाळगणं गुन्हा नाही, माझंच आहे. पण ‘बिल नाही’ म्हणणाऱ्याने कधी मीटर बघितलेला नाही. शंभर वॅटचा दिवा रोज सोळा तास चालला की महिन्याला ४८ युनिटं, आणि दिव्याने खाल्लेली सगळी वीज शेवटी त्याच पेटीत उष्णता होऊन बसते. ती बाहेर काढायला पंखा. आणि जूनपासून खरी मजा. फोंड्यात चामड्याच्या पट्ट्यावर, लाकडी पाटावर, देवघरातल्या पोथीवर हिरवी बुरशी येते, तिथे बंद पेटीतलं दमट झाड कोरडं कसं राहील? माझी तुळस पहिल्या पावसात दोनदा पूर्ण काळी पडली. हवा कोरडी करणारं यंत्र आणलं तर ते माझ्या दिव्यापेक्षा दुपटीहून जास्त वीज ओढायला लागलं. भरीला पावसातली वीज जाणं, जे मी सांगायला नको.

वासाचंही तसंच. कोळशाचा फिल्टर वास शोषतो, पण हवेत पाणी भरलेलं असेल तर कोळशाच्या छिद्रांत आधी पाणीच जाऊन बसतं आणि वासाला जागा उरत नाही. माझी साधी तुळससुद्धा फुलल्यावर जिन्यात कळते. आमच्या बिल्डिंगीत कोणाकडे सुंगटांचं हुमण आणि कोणाकडे खतखतें शिजतंय, हे तळमजल्यावर समजतं. तिथे ‘शेजाऱ्याला पत्ता नाही’ हे गोव्याचा चतुर्थीचा महिना न बघितलेल्या माणसाचं लिखाण आहे.

भाच्याने मेसेज पुसला. फक्त तोवर त्याने पेटी मागवूनही टाकली होती, आतून चंदेरी कापडाची, पंख्यासकट. परत घेत नाहीत म्हणे. म्हटलं, तुळस लाव, नाहीतर लेट्यूस. त्याचा धीर होण्याआधीच माझ्या बहिणीने ती ताब्यात घेतली. आता पावसात तिच्या घरी पंखा दिवसभर घुमतो आणि आत मोजे वाळत असतात.