एआर-१५ आणि चौथे मत

वादाला तोंड फुटले ते अण्णांच्या एका वाक्याने. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडची रायफलबंदी वैध ठरवली, असे ते म्हणाले आणि वकीलसाहेबांनी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला.

"वैध ठरवली नाही, अण्णा. २ जून २०२५ रोजी न्यायालयाने ते प्रकरण सुनावणीस घेण्यासच नकार दिला. आपल्याकडे विशेष अनुमती याचिका कारण न देता फेटाळली, म्हणून खालचा निकाल बरोबर ठरत नाही. तिथेही तसेच आहे."

"पण बंदी राहिली ना?"

"राहिली."

"मग मी वेगळे काय म्हणालो?"

यावर वकीलसाहेबांनी प्रकरण मुळापासून सांगितले. सँडी हूकच्या शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर मेरीलँडने २०१३ साली एआर-१५ सारख्या अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घातली. ऑगस्ट २०२४ मध्ये चौथ्या सर्किटच्या (मेरीलँड ज्यात येते त्या न्यायालयीन विभागाच्या) अपील न्यायालयाने ती १० विरुद्ध ५ मतांनी कायम ठेवली. ही रायफल लष्कराच्या एम-१६ च्याच कुळातली असल्याने शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या, राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीचे संरक्षण तिला नाही, असे न्या. विल्किन्सन यांनी लिहिले. पुढे सर्वोच्च न्यायालयात नऊपैकी चार न्यायमूर्तींनी होकार दिला असता, तर सुनावणी झाली असती. न्या. थॉमस, न्या. अ‍ॅलिटो आणि न्या. गोर्सच हे तिघेच तयार होते. चौथे मत मिळाले नाही.

गंमत अशी की, ते मत ज्यांच्याकडून सहज यावे ते न्या. कॅव्हनॉ २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात असताना, अर्धस्वयंचलित पिस्तुलाला संरक्षण आहे तर रायफलीला का नाही, असे विचारून अशी बंदी घटनाबाह्य असल्याचे भिन्नमत नोंदवून बसले होते. या वेळी मात्र त्यांनी चौथ्या सर्किटच्या निकालाविषयी शंका व्यक्त केली, येत्या एक-दोन सत्रांत न्यायालय हा प्रश्न बहुधा हाती घेईल असे लिहिले, आणि नकाराशी सहमती दर्शवली.

मास्तरांना यात काही वावगे वाटले नाही. २०२२ च्या ब्रुएन निकालाने इतिहास आणि परंपरेची नवी कसोटी घालून दिली, म्हणजे आजचा शस्त्रकायदा देशातल्या जुन्या शस्त्रनियमांच्या परंपरेत बसतो का हे पाहायचे. ती कशी लावायची हे २०२४ मध्ये रहिमी प्रकरणात पुन्हा समजावून सांगावे लागले. खालची न्यायालये अजून चाचपडत आहेत. शिवाय अशा बंदीच्या प्रश्नावर अपील न्यायालयांत आपसात दुफळी नसेल, तर वरच्या न्यायालयाने घाईने मध्ये का पडावे, असा त्यांचा प्रश्न होता.

मला हे पटले नाही, कारण इथे नुसते थांबल्यानेही पारडे हलते. २००८ च्या हेलर निकालानुसार कायदेशीर कामांसाठी सर्रास वापरात असलेल्या शस्त्रांना संरक्षण मिळते. देशभरची बंदी १९९४ ते २००४ एवढी दहा वर्षेच होती. ती संपल्यानंतर या रायफली भरमसाट खपल्या. लोकांकडे दोन ते तीन कोटी एआर-१५ असल्याचा अंदाज आणि ५० पैकी ४१ राज्यांत त्या कायदेशीर असल्याची नोंद खुद्द कॅव्हनॉ यांच्या टिपणात आहे. म्हणजे न्यायालयाच्या मौनाने आज मेरीलँडची सोय होते खरी, पण दरम्यान विकली जाणारी प्रत्येक रायफल 'सर्रास वापर' या युक्तिवादात भर घालते.

"नोटाबंदीसारखेच," अण्णा म्हणाले. त्यांनी २०१६ चा तो नोव्हेंबर बँकेच्या काउंटरमागे काढला आहे. "आमचा निकाल जानेवारी २०२३ मध्ये आला. तोवर उलटवण्यासारखे उरले होते काय?"

मास्तरांनी मग हायलंड पार्कचे उदाहरण काढले. इलिनॉयमधल्या त्या गावाच्या रायफलबंदीला हात लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्येच नकार दिला होता. त्यावर थॉमस आणि स्कालिया यांचीच नाराजी नोंदली गेली. त्याच गावात ४ जुलै २०२२ रोजी स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर अशाच रायफलीने गोळीबार होऊन सात जण मारले गेले. "म्हणजे बंदीचा उपयोग शून्य," असे अण्णा म्हणताच मास्तर उसळले: बंदी एका गावापुरती होती, आणि म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये इलिनॉयने ती राज्यभर लागू केली.

"उपयोग किती, हे विधिमंडळाने पाहावे," वकीलसाहेबांनी दोघांना थांबवले. अमेरिकेत बंदुकीने होणारे बहुतेक खून पिस्तुलाने होतात आणि घरात पिस्तूल बाळगण्याचा हक्क तर हेलरनेच दिला आहे. तेव्हा हक्काचा प्रश्न बळींच्या आकड्यांवर सुटणारा नाही, हे त्यांचे म्हणणे मला रुचले नाही, पण खोडूनही काढता आले नाही.

मग कॅव्हनॉ का थांबले? मास्तरांच्या मते त्यांनी लिहिलेले कारण, म्हणजे इतर अपील न्यायालयांचे निकाल येऊ द्यावेत हे, तसेच्या तसे मान्य करावे. वकीलसाहेबांचा हिशेब निराळा होता. सुनावणीला चार मते पुरतात, पण जिंकायला पाच लागतात. पाचवे मत सरन्यायाधीश रॉबर्ट्स किंवा न्या. बॅरेट यांच्याकडूनच यायला हवे, आणि त्या दोघांनीही जूनमध्ये एक ओळ लिहिली नाही.